दाणा भरताना कोणाचं चालतं, आईचं की बापाचं?

तलावपाळीला शहाळं फोडून घेतलं की आधी पाणी, मग मलई. पावसाळ्यात उपवनला गेलं की लिंबू-तिखट चोळलेलं भाजलेलं कणीस. घरी ताटात वाडा कोलमचा भात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे सगळं एकच: भ्रूणपोष. (कणसाच्या दाण्यात टोकाशी भ्रूणही असतो, पण दाताखाली येतो तो मुख्यतः भ्रूणपोषच.) बीमध्ये भ्रूण, म्हणजे रोपाचं बाळ, असतो आणि रुजताना त्याला पुरावी म्हणून शेजारी भरून ठेवलेली ही शिदोरी. वरणाची गोष्ट निराळी. तुरीच्या शेंगेत दाणा भरत असतानाच भ्रूण आपली शिदोरी संपवतो आणि ते अन्न स्वतःच्याच दोन जाड दलांत साठवतो. डाळ भरडली की सुटी होतात ती हीच दलं. बिरड्यासाठी वाल सोलताना बोटांत येतात तीही हीच. म्हणजे वरणभात खाताना आपण भाताची शिदोरी आणि तुरीचं बाळ असं कालवून खात असतो. वर्गात हे सांगितलं की मुली तोंड वाकडं करतात, पण पुढे कधी विसरत नाहीत.

मी नौपाड्यात बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. भ्रूणपोषावर एका गुणाचा ठरलेला प्रश्न असतो: त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे संच किती? उत्तर, तीन. परागकण कुक्षीवर पडला की त्यातून नलिका फुटते आणि ती दोन पुंयुग्मकं, म्हणजे नर पेशी, घेऊन बीजांडापर्यंत उतरते. एक पुंयुग्मक अंडपेशीला मिळतं आणि त्यातून भ्रूण तयार होतो. दुसरं शेजारच्या मध्यवर्ती पेशीत शिरतं. त्या पेशीत आईकडची दोन केंद्रकं आधीपासून असतात. दोन संच आईचे, एक बापाचा, आणि त्यातून भ्रूणपोष. सेर्गेई नावाशिन यांनी कीव्हमध्ये लिलीच्या कुळातल्या फुलांत हे दुहेरी फलन पाहिलं आणि १८९८ साली जाहीर केलं. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लिओं गिन्यार यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं.

गुण मिळाला, मुलं पुढच्या धड्याकडे वळतात. आईच्या दोन प्रती आणि बापाची एक, या तिन्ही सारख्याच कामाला लागतात का, हे कोणी विचारत नाही. मेंडेलच्या भरवशावर सगळे निर्धास्त असतात. त्याने वाटाण्याच्या झाडांत आई-बापांची अदलाबदल करून पाहिली होती. उंच झाडाचा पराग बुटक्याला दिला काय किंवा बुटक्याचा उंचाला दिला काय, पहिल्या पिढीत फरक पडला नव्हता. जनुक कोणाकडून आलं याला महत्त्व नाही, असंच आपण धरून चालतो.

हा समज मक्याने मोडला. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातले जेरी कर्मिकल मक्याच्या आर नावाच्या जनुकावर काम करत होते. दाण्याला जांभळा रंग येण्यासाठी हे जनुक चालू असावं लागतं. रंग भरतो तो भ्रूणपोषाच्या सगळ्यात बाहेरच्या थरात, अल्यूरोनमध्ये. आपल्याकडच्या पिवळ्या कणसात हा प्रकार दिसत नाही, म्हणून आधी डोळ्यांसमोर गडद जांभळा दाणा आणा. रंगाचं जनुक आईकडून आलं की दाणा पूर्ण जांभळा होतो. तेच जनुक, अक्षरही न बदललेलं, परागातून आलं की दाण्यावर नुसते ठिपके उमटतात, कुठे रंग तर कुठे काहीच नाही.

पहिली शंका कोणालाही येईल. आईकडून दोन प्रती येतात आणि बापाकडून एकच, तेव्हा रंग फिका पडणारच. कर्मिकल यांनी ही पळवाट बंद केली. गुणसूत्रांची खास जुळवणी केलेल्या मक्यातून त्यांनी असे परागकण मिळवले की बापाकडूनही आर जनुकाच्या दोन प्रती भ्रूणपोषात जातील. तरी दाणे ठिपक्याठिपक्यांचेच राहिले. १९७० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. एकाच जनुकाच्या दोन प्रतींची वागणूक ती कोणाकडून आली यावर ठरते, याचा हा सजीवसृष्टीतला पहिला स्पष्ट पुरावा मानला जातो. उंदरांमध्ये असंच काही चालतं हे कळायला १९८४ साल उजाडावं लागलं. या प्रकाराला आता सगळे इम्प्रिंटिंग म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार आहे.

अक्षरं तीच आणि वागणूक वेगळी, म्हणजे अक्षरांच्या वर कुठेतरी खूण असणार. ती खूण अगदी लहान असते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षरावर मेथिल नावाचा गट चिकटतो: एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, बस. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे मेथिल दाटीवाटीने बसले की ते जनुक बहुधा गप्प होतं. पेशी दुभंगताना डीएनएची नवी प्रत निघते, आणि जुन्या धाग्यावरच्या खुणा पाहून नव्या धाग्यावर तशाच खुणा करायचं काम एक विकर (एन्झाइम) करतं. अरॅबिडॉप्सिसमध्ये त्याचं नाव मेट-१. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं इवलंसं तण. खायला निरुपयोगी, पण प्रयोगशाळांचं लाडकं, कारण बी टाकल्यापासून बी हाती येईपर्यंत त्याला दीड-दोन महिने पुरतात आणि त्याचा जनुकसंच लहान आहे. २००० साली पूर्ण वाचला गेलेला तो पहिलाच वनस्पती-जनुकसंच. पुढची बरीचशी गोष्ट या तणातली आहे.

आता इथे बहुतेकांची समजूत चुकते. इम्प्रिंटिंग म्हटलं की वाटतं, आई आपल्या प्रतीवर आपला शिक्का मारते आणि बाप आपल्या प्रतीवर आपला. बियांमध्ये मुख्यतः घडतं ते उलट. खूण दोघांकडेही आधीपासून असते. मेथिल लागलेलं, गप्प असणं हीच मूळ स्थिती. बाप ती खूण तशीच पुढे धाडतो. आई मात्र फलनाच्या आधीच मध्यवर्ती पेशीतल्या आपल्या दोन प्रतींवरून ठरावीक ठिकाणच्या खुणा पुसून टाकते. पुसलेल्या प्रती बोलू लागतात आणि बापाची गप्पच राहते.

पुसणारं विकर अरॅबिडॉप्सिसमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या गटाने शोधलं आणि २००२ साली जाहीर केलं. त्याला त्यांनी ग्रीकांच्या सुगीच्या देवीचं, डीमीटरचं नाव दिलं. विकर मेथिल ओढून काढत नाही. ते मेथिल लागलेलं अख्खं सायटोसिनच डीएनएच्या धाग्यातून कापून बाजूला करतं. मग डीएनएची रोजची डागडुजी करणारी मंडळी येतात आणि त्या खड्ड्यात नवं, कोरं सायटोसिन बसवून जातात. धाग्यात असं चिरफाडीचं काम करणं जोखमीचं आहे, म्हणूनच डीमीटरवर कडक मर्यादा आहेत. बीजांडात ते मध्यवर्ती पेशीत चालू होतं आणि फलन झालं की थंडावतं. त्याच सुमारास त्या पेशीत मेट-१चं कामही मंदावलेलं असतं, त्यामुळे पुसलेल्या खुणा लगेच परत उमटत नाहीत.

हे काम आईचंच आहे याचा पडताळा साधा आहे. ज्या झाडात डीमीटरच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे, त्याच्या शेंगेतल्या निम्म्या बिया मरतात. ज्या बीजांडाच्या वाट्याला बिघडलेली प्रत गेली, ते बी गेलंच. पराग धडधाकट झाडाचा आणून दिला तरी उपयोग होत नाही. बाप कितीही चांगला असला, तरी पुसायची वेळ त्याच्या येण्याआधीच टळून गेलेली असते.

या व्यवस्थेतला मला सगळ्यात सुंदर वाटणारा भाग एफडब्ल्यूए या जनुकात दिसतो. झाडाच्या पानांत, खोडात, मुळांत ते मेथिलने गप्प असतं. गप्प राहिलं नाही तर झाडाला फुलं यायला फार उशीर होतो. फक्त भ्रूणपोषात, तेही आईच्या प्रतींवरून, ते बोलतं. जपानी संशोधक तेत्सू किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की ही वाट एकदिशा आहे. खूण पुसली जाते, आणि ती परत करायची गरजच नसते. कारण भ्रूणपोषाला वंश नाही. रोप रुजलं की तो संपतो. त्याच्या पेशींतून ना पराग होतो, ना अंडं. पुढची पिढी येते ती भ्रूणातून, आणि भ्रूणाची अंडपेशी या पुसापुशीपासून बाजूला राहिलेली असते. तिथल्या खुणा शाबूत राहतात आणि नव्या झाडाला पुन्हा मूळ गप्प स्थिती मिळते. सस्तन प्राण्यांना ही चैन नाही. त्यांच्यात इम्प्रिंटिंगच्या खुणा खुद्द बाळाच्या शरीरात जातात, म्हणून प्रत्येक पिढीत अंडं किंवा शुक्राणू बनताना सगळं पुसून आपापल्या लिंगाप्रमाणे नव्याने लिहावं लागतं. वनस्पतींनी लिहिण्याचं काम टाळलंच.

इथवर हिशेब सरळ आहे: आईचं जनुक चालू, बापाचं बंद. पण मोजणी केली तर याच्या उलटीही कितीतरी जनुकं सापडतात, ज्यांत बापाची प्रत बोलते आणि आईची गप्प असते. पुसल्याने बोलतं, तर मग आईची पुसलेली प्रत गप्प कशी? इथे दुसरी खूण लागते.

पेशीत डीएनए मोकळा पडलेला नसतो. हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या गोळ्यांवर तो गुंडाळलेला असतो. त्यातल्या एच-३ या हिस्टोनच्या २७व्या जागेवर लायसिन हे अमिनो आम्ल असतं. त्यावर तीन मेथिल बसले की तिथला पट्टा आवळला जातो आणि जवळचं जनुक बंद पडतं. ही खूण करणाऱ्या प्रथिनांच्या टोळीला पीआरसी-२ म्हणतात. बियांमधलं तिचं काम त्यांच्याच एका विचित्र वागण्यातून कळलं. १९९७ साली ऑस्ट्रेलियात मूळचे बांगलादेशचे आबेद चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिसची अशी झाडं शोधली, ज्यांत परागकण पडलाच नाही तरी बी भरायला लागतं. भ्रूण नाही, फलन नाही, आणि भ्रूणपोष आपला वाढतो आहे. म्हणजे धडधाकट झाडात कोणीतरी त्याला फलन होईपर्यंत रोखून धरत असणार. ते रोखणारं काम पीआरसी-२चं निघालं. या टोळीतलं एक जनुक १९९८ साली अमेरिकेत उएली ग्रॉस्निकलाउस यांच्या गटाने ओळखलं आणि त्याला मेडेआ नाव दिलं. ग्रीक कथेतली मेडेआ आपली मुलं मारते. झाडातही आईची मेडेआची प्रत बिघडली की बिया मरतात, बापाची बिघडली तर काही होत नाही. मेडेआ स्वतःच इम्प्रिंट झालेलं जनुक आहे, आणि त्याच्या आईकडच्या प्रती चालू व्हायला डीमीटरच लागतं.

आता साखळी लावून पाहा. मध्यवर्ती पेशीत डीमीटर पुसतं. त्यामुळे आईच्या प्रतींतून मेडेआ आणि तिची जोडीदारीण फिस-२ ही प्रथिनं तयार होतात. ती पीआरसी-२च्या टोळीत बसतात आणि टोळी आईच्याच दुसऱ्या काही जनुकांवर जाऊन हिस्टोनवाली खूण करते. अशा जनुकांपैकी एकाचं नाव फेरेस-१. (मेडेआने मारलेल्या मुलांपैकी एकाचं हे नाव. शास्त्रज्ञांना पुराणकथांची हौस दांडगी.) फेरेस-१च्या मागे काही अंतरावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरांचा एक पट्टा आहे. बापाच्या प्रतीत तो मेथिलने भरलेला असतो, म्हणून पीआरसी-२चा तिथे जम बसत नाही आणि जनुक बोलत राहतं. आईच्या प्रतीत तो पट्टा डीमीटरने पुसलेला असतो, म्हणून टोळीला मोकळं रान मिळतं आणि जनुक बंद होतं. मेथिल म्हणजे गप्प, हे वर मांडलेलं समीकरण इथे उलटं फिरतं.

या सगळ्या भानगडीत नेमकं लक्षात ठेवायचं ते हेच. आईकडून चालणारी जनुकं आणि बापाकडून चालणारी जनुकं यांसाठी दोन वेगळ्या यंत्रणा नाहीत. एकच कृती आहे, आईने पुसणं. पुसलेल्या जागी पुढे कोण येऊन बसतं यावर उलटे-सुलटे निकाल लागतात. मी हे पहिल्यांदा नीट समजून घेतलं तेव्हा चक्रावले होते, आणि आजही वर्गात ही साखळी फळ्यावर काढताना मुलं दोनदा थांबवतात. एक जण हमखास विचारतो, "मॅम, हे परीक्षेला आहे का?" नाहीये.

पण मुळात पुसण्याजोग्या खुणा त्या जनुकांजवळ आल्या कुठून? बहुतेकदा शेजारी एखादा ट्रान्सपोझॉन सापडतो. ट्रान्सपोझॉन म्हणजे जनुकसंचात एका जागेवरून दुसऱ्या जागी उड्या मारणारे डीएनएचे तुकडे. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी ते मक्याच्या रंगीत दाण्यांतच ओळखले आणि १९८३ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. मक्याच्या जनुकसंचाचा सुमारे ८५ टक्के भाग असल्या तुकड्यांनी भरलेला आहे. ते मोकाट सुटले तर चांगल्या जनुकांत घुसून नासधूस करतील, म्हणून पेशी त्यांना मेथिलने जखडून ठेवते. मेथिलचं मूळ काम हे. एखादा तुकडा योगायोगाने जनुकाच्या दाराशी येऊन पडला, पेशीने त्याला जखडलं, त्यात शेजारचं जनुकही गप्प झालं, आणि डीमीटर तिथे पुसायला गेलं की जनुक इम्प्रिंट झालं. एफडब्ल्यूएच्या बाबतीत तसा तुकडा दिसतोच. फेरेस-१ हे प्रथिन इतर ज्या जनुकांना चालू करतं, त्यांच्यातल्या अनेक ठिकाणी त्याला बसायची जागाही ट्रान्सपोझॉननेच आणून दिल्याचं २०१९ साली दिसलं.

यातून एक गोष्ट सहज उलगडते. ट्रान्सपोझॉन प्रत्येक प्रजातीत वेगळ्या ठिकाणी जाऊन पडलेले असतात. त्यामुळे इम्प्रिंट झालेल्या जनुकांच्या अरॅबिडॉप्सिस, भात आणि मका यांच्या याद्या शेजारी ठेवल्या की समान नावं थोडीच निघतात. यंत्रणा तीच, तिच्या तडाख्यात सापडलेली जनुकं वेगळी.

पुसण्याचा खटाटोप कशासाठी? डेव्हिड हेग आणि मार्क वेस्टोबी यांनी १९८९ साली मांडलेलं उत्तर गाजलं, आणि ते शिदोरीच्या वाटणीचंच आहे. मक्याच्या एका कणसातल्या दाण्यांची आई एकच असते, पण वाऱ्याने आलेला पराग कितीतरी झाडांचा असू शकतो. आईच्या दृष्टीने सगळे दाणे सारखेच तिचे, म्हणून एकाने जास्त ओढू नये. बापाच्या दृष्टीने मात्र आपल्या दाण्याने शेजारच्या परक्या दाण्याच्या वाट्याचंही ओढलं तर चांगलंच. तेव्हा बापाकडून चालणारी जनुकं वाढ रेटणारी असावीत आणि आईकडून चालणारी आवर घालणारी.

याला भक्कम आधार आहे तो संचांची संख्या बदलून केलेल्या संकरांत. अरॅबिडॉप्सिसमध्ये बापाकडून दुप्पट संच आले की भ्रूणपोष बेसुमार वाढत राहतो, बी मोठं होतं किंवा मरतं. आईकडून दुप्पट आले की बी लहानखुरं राहतं. फरक पडतो तो भिंती उभारण्याच्या वेळेत. भ्रूणपोषात सुरुवातीला केंद्रकंच वाढत जातात, पेशींच्या भिंती नसतात, सगळा एकच पातळ रस असतो. नंतर भिंती येतात आणि वाढ आटोपते. शहाळ्याच्या पाण्यात ही बिनभिंतींची अवस्था आपण चक्क पितो आणि मलईत भिंती आलेला भाग खरवडून खातो. आईचे संच जास्त असले की भिंती लवकर येतात, बापाचे जास्त असले की येतच नाहीत किंवा फार उशिरा येतात.

बिनबियांच्या कलिंगडातही हाच हिशेब आहे. वाशीच्या एपीएमसीत उन्हाळ्यात कलिंगडांचे ढीग लागतात, त्यात कधीतरी हेही दिसतं. जपानच्या हितोशी किहारा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर हे तंत्र बसवलं. चार संचांचं झाड आणि दोन संचांचं झाड यांचा संकर करून तीन संचांचं बी मिळवायचं. त्या बीपासून वाढलेल्या वेलाला बिया धरता येत नाहीत. पण हा संकर एकाच बाजूने जमतो. चार संचांचं झाड आईच असावं लागतं. उलट केलं तर धड बी तयार होत नाही. भ्रूणात दोन्हीकडून तीनच संच येतात, मग अडतं कुठे? भ्रूणपोषात. एकीकडे आईचे चार आणि बापाचा एक, दुसरीकडे दोन आणि दोन.

वाटणीच्या भांडणाची ही कल्पना मला पटते, पण सगळीकडे लावली की ओढूनताणून वाटते. मक्यातच मेग-१ नावाचं जनुक आहे. ते आईच्या प्रतींवरून चालतं आणि दाण्याच्या बुडाशी, जिथून आईकडचं अन्न आत येतं तिथे, अन्न ओढणाऱ्या पेशी घडवतं. आवर घालायच्या ऐवजी आईचं जनुक इथे वाढवायला मदत करतं. भात बहुतांशी आपल्याच परागावर बी धरतो, म्हणजे आई आणि बाप एकच झाड, भांडायचं कोणाशी? तरी २०११ साली तांदळाच्या बियांची तपासणी झाली तेव्हा तिथेही इम्प्रिंट झालेली जनुकं सापडली, आणि ती जवळजवळ सगळी भ्रूणपोषातच. अनेक जनुकं तर अशी आहेत की त्यांचं इम्प्रिंटिंग मोडलं तरी दाण्यात काही फरक दिसत नाही. माझ्या मते त्यातली बरीचशी ट्रान्सपोझॉन आवरताना आपसूक घडलेली आहेत, आणि निवड झाली ती मोजक्यांचीच.

भाताची गोष्ट थोडक्यात. वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाडा तालुका १ ऑगस्ट २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. कोलम असो की इंद्रायणी, भातात पुसायचं काम डीमीटरच्याच घराण्यातलं आरओएस-१ए नावाचं विकर करतं. ते बिघडवलेल्या काही भातांत दाण्याचा अल्यूरोनचा थर जाड झालेला आढळला. तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडला की हाच थर कोंड्याबरोबर जातो, आणि जीवनसत्त्वं, खनिजं याच थरात जास्त असतात. म्हणून नवे वाण काढणाऱ्यांचं त्याच्याकडे लक्ष आहे.

आणि मक्याच्या ठिपक्यांचं काय झालं? कर्मिकल यांनीच असे मके शोधून ठेवले होते, ज्यांत रंगाचं जनुक आईकडून आलं तरी दाणा ठिपक्यांचाच राहतो. म्हणजे आईच्या बाजूने काहीतरी करणारं एखादं जनुक त्या मक्यांत बिघडलेलं असणार. ते जनुक नेमकं कोणतं, हे २०२२ साली उजेडात आलं. ते डीएनएतलं मेथिलयुक्त सायटोसिन कापून काढणारं विकर आहे, डीमीटरच्या जातीचं. १९७०च्या ठिपक्यांमागेही आईचं पुसणंच होतं.

या ज्ञानाची व्यवहारातली कसोटी लागते संकरित बियाण्यात. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने काढलेल्या सह्याद्रीसारख्या संकरित भाताचं बियाणं शेतकऱ्याला दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. घरचं बी पेरलं तर पुढच्या पिढीत गुण फुटतात. संकरित झाडाने फलनाशिवाय आपलीच हुबेहूब नक्कल असलेलं बी धरलं तर हा खर्च वाचेल. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे इम्तियाज खांडे, वेंकटेशन सुंदरेसन आणि सहकाऱ्यांनी भातात हे करून दाखवलं. त्यांनी गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन बंद पाडलं आणि अंडपेशीत भ्रूण सुरू करणारं एक जनुक चालू केलं. त्या वेळी नकला मिळण्याचं प्रमाण एक-तृतीयांशापेक्षा कमी होतं. २०२२ साली संकरित भातात ते ९५ टक्क्यांच्या वर गेलं.

भ्रूणाला बापाची गरज उरली नाही, पण भ्रूणपोषाला आहेच. या झाडांनाही परागण लागतं, दुसरं पुंयुग्मक मध्यवर्ती पेशीत जावंच लागतं, नाहीतर दाणा भरत नाही. सुदैवाने त्यांचा परागही दोन संचांचा असतो, म्हणून आपल्याच परागावर बी धरलं तर आईचे चार आणि बापाचे दोन, प्रमाण तेच दोनास एक. कलिंगडाला चारास एक चालून जातं, पण मक्यात १९८४ साली बोर-यॉ लिन यांनी दाखवलं होतं की चारास दोन असेल तर दाणा भरतो आणि चारास एक असेल तर सुकतो. मुरबाड-शहापूरच्या बांधावरून शेजारच्या साध्या भाताचा पराग उडून अशा झाडावर पडला, तर त्या दाण्यात चारास एकच येणार.